ड्रम ब्रेकची बाजू

जुन्या बुलेट, येझदी किंवा राजदूतचा विषय निघाला की इंजिनाचं कौतुक होतं आणि ब्रेकला नावं ठेवली जातात. ही टीका अर्धीच रास्त आहे. ड्रम ब्रेकचा निवाडा करण्याआधी तो कोणत्या रस्त्यावर, किती वेगाला आणि कशा सेटिंगमध्ये वापरला जातो, हे पाहायला हवं. भिलाईलगतचं जामुल घ्या. छत्तीसगडच्या मैदानातलं सिमेंट कारखान्याचं गाव, पलीकडे नंदिनीची चुनखडीची खाण. इथे धुळीला तोटा नाही, पण लांबच लांब घाटही नाही. ड्रमचा खरा शत्रू धूळ नसून उष्णता आहे. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो आणि आतून त्यावर दाबल्या जाणाऱ्या शूपासून दूर सरकतो, शूवरच्या लायनरची पकडही ढिली पडते. म्हणून कसारा घाट उतरताना लिव्हर हँडलला टेकू लागतो. सपाटीवर दोन थांब्यांच्या मध्ये ड्रमला निवायला उसंत मिळते. बंद हबमुळे बाहेरची धूळही बरीचशी बाहेरच राहते.

उरलेला दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. ब्रेक दाबला की शूंना फाकवणारा कॅम फिरतो आणि दोन्ही शू ड्रमला टेकतात. चाकाच्या फिरण्यामुळे त्यांतला एक आणखी आत ओढला जातो, दुसरा मात्र मागे ढकलला जातो. काही गाड्यांच्या पुढच्या चाकात दोन कॅम देऊन दोन्ही शू ओढले जातील अशी रचना असते. पण कॅम जोडणारा रॉड जरा कमी-जास्त झाला की एकच शू काम करतो आणि खर्चिक रचना वाया जाते. नवा शू बसवताना लायनरवर खडू घासून चाक फिरवलं, ब्रेक हलकेच लावला, की खडू जिथे पुसला गेला तिथेच शू टेकतो हे दिसतं. अनेकदा तो फक्त मधोमध पुसलेला असतो. हबवरचा कॅमचा लिव्हर आणि केबल ब्रेक लागताना काटकोनात हवेत. लायनर झिजल्यावर नुसती केबल ताणत राहिलं तर हा कोन बिघडतो आणि जोर फुकट जातो.

यावर कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, डिस्कच लावा. डिस्क सरस आहे हे निर्विवाद. 1969च्या होंडा सीबी 750ने ती सर्वसामान्यांच्या गाडीवर आणली. पण जुन्या फोर्कला कॅलिपर धरण्याची जागाच नसते, आणि वेल्डिंग करून लावलेला ब्रॅकेट ऐन वेळी तुटला तर ड्रमपेक्षा महागात पडतो. राजदूत 350चा दाखला अधिक वजनदार आहे. मूळ जपानी आरडी 350ला पुढे डिस्क होती, पण भारतात 1983मध्ये आलेल्या या आवृत्तीला ड्रम मिळाला. तिथे तक्रार खरीच होती, कारण ब्रेकला त्या इंजिनाचा वेग झेपत नव्हता. वेग दुप्पट झाला की थांबवताना निघणारी उष्णता चौपट होते. यातून ड्रम वाईट ठरत नाही; त्याची मर्यादा ठरते. पावसात पाणी शिरलं तर पहिले दोन-तीन ब्रेक कच्चे लागतात, हीदेखील मर्यादाच. शिवाय जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून हबमधली भुकटी हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. या मर्यादा मान्य करून गाडी बेताच्या वेगाने चालवणाऱ्याला मूळ ड्रम काढून टाकण्याची गरज नाही. ते ज्याला जमत नाही, त्याने जुनी गाडी रोजच्या हायवेवर काढू नये.