धातुक निक्षेप, शिलारसजन्य

शिलारस (भूपृष्ठाखालील वितळलेला तप्त खडक) थिजत असताना त्यात विखुरलेल्या धातू एकवटून बनलेले, खाणकामास योग्य असे साठे. खडकात धातू असणे एवढ्याने धातुक होत नाही. तिचे संकेंद्रण व्हावे लागते. परभणी जिल्हा हे याचे बोधप्रद उदाहरण आहे.

या जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅप बेसाल्टाचा असून गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठी गाळाचे थर आहेत. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून बाहेर पडलेला लाव्हा पसरून हा खडक बनला. त्यात लोहाची ऑक्साइडे सु. १२ ते १४ टक्के असतात. तथापि लाव्हा उघड्यावर लवकर थिजल्याने लोह पायरोक्सीन, मॅग्नेटाइट इ. खनिजांच्या बारीक कणांत विखुरलेलेच राहिले.

संकेंद्रण मुख्यत्वे तीन प्रकारे होते. (१) खोलवर सावकाश निवणाऱ्या शिलारसात जड स्फटिक आधी बनून तळाशी साचतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जानोली व वागदे येथील क्रोमाइट शिलारसातून अशा प्रकारे वेगळे झालेले आहे. (२) शिलारसात पुरेसे गंधक मिसळल्यास सल्फाइडी द्रव अलग होतो व तो निकेल, तांबे, प्लॅटिनम शोषून घेतो. सायबीरियातील नरील्स्क येथे बेसाल्टी शिलारसाने गंधकयुक्त खडकांतून वाट काढल्याने असे मोठे साठे निर्माण झाले. (३) जलयुक्त शिलारस ज्वालामुखीखाली काही किमी. खोलीवर थिजताना क्लोरीनयुक्त उष्ण विद्राव बाहेर पडतात व निवताना भेगांत तांबे, सोने इत्यादींची खनिजे निक्षेपित करतात. चिलीतील तांब्याचे प्रचंड साठे असे बनले आहेत.

परभणीच्या बेसाल्टातील पोकळ्यांतही विद्रावांपासून झिओलाइटे व अकीक बनले. परंतु हे विद्राव कमी तापमानाचे व धातूंच्या दृष्टीने निःसत्त्व होते.

दक्षिणेकडील लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या वेधनछिद्रात बेसाल्टाची जाडी ३३८ मी. आढळली, त्याखाली अवसादांचा पातळ थर व मग प्राचीन पट्टिताश्म लागला. परभणीतही बेसाल्टाखालच्या अशा खडकांत धातुक असल्यास ते या लाव्ह्यापासून बनलेले नसेल व त्याचा शोध वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागेल. या जिल्ह्याला लाव्ह्यापासून लाभलेली संपत्ती म्हणजे बांधकामाचा दगड व त्याच्या झिजेतून झालेली कापसाची काळी जमीन होय.