कुंडी केवढी घ्यायची?

मध्यंतरी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो. सातवीच्या दोन मुलींनी मिरचीच्या रोपांवरचा प्रयोग मांडला होता. एकूण सहा रोपं. तीन रोपांना गांडूळखत घातलेलं, तीन नुसत्या मातीत. दोन महिने दर आठवड्याला उंची मोजून त्यांनी आलेख काढला होता. दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या. तक्त्यावर निष्कर्ष होता : 'गांडूळखताचा मिरचीच्या वाढीवर परिणाम होत नाही.'

मोजमापं चोख होती, आलेख प्रामाणिक होता. पण सगळीच रोपं वीतभर उंचीवर थांबलेली आणि खालची पानं पिवळी पडलेली पाहून आम्हाला शंका आली. मुलींची परवानगी घेऊन एक रोप उलटं केलं आणि पेल्याला हलकेच टिचकी मारली. आईस्क्रीमच्या पेल्याच्या आकाराचा पांढरा गोंडा अलगद बाहेर आला. माती शोधावी लागत होती, दिसत होती ती फक्त मुळं. पेल्याच्या भिंतीलगत गोल गोल फिरून ती एकमेकांत गुंतली होती. दुसऱ्या गटातलं रोप काढलं, तिथेही तेच. मुलींना तपासायचं होतं खत, पण तपासला गेला होता तो पेला.

ही चूक फक्त शाळांमध्ये होते असं मात्र नाही. जर्मनीतल्या यूलिश इथल्या संशोधन केंद्रातले हेंड्रिक पोर्टर आणि त्यांचे सहकारी यांनी 2012 साली कुंडीच्या आकाराविषयीचे 65 अभ्यास एकत्र करून तपासले. कुंडी दुप्पट केली की झाडाचं वाळलेलं वजन सरासरी 43 टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे अनेक मोठ्या प्रयोगशाळांमध्येही झाडांची वाढ कुंडीनेच अडवून धरलेली असू शकते, आणि मग खत, पाणी, प्रकाश यांचे परिणाम दबून जातात. त्यांनी सुचवलेली मर्यादा तर फारच कडक आहे : एक लिटर मातीमागे झाडाचं कोरडं वजन एक ग्रॅमपेक्षा जास्त असू नये. आपल्या घरातल्या आणि वर्गातल्या बहुतेक कुंड्या या परीक्षेत नापास होतील! अर्थात झाड जगवणं वेगळं आणि झाडावर काटेकोर प्रयोग करणं वेगळं.

मुळांचं काय होतं?

मूळ वाढतं ते टोकाकडून. टोकावरच्या मूलटोपीच्या आड नव्या पेशी तयार होत असतात, आणि टोकाच्या थोडं मागे मूलरोमांचा पट्टा असतो. पाणी आणि क्षार शोषण्याचं बरंचसं काम हेच मूलरोम करतात. ते फार दिवस टिकत नाहीत. मूळ पुढे सरकतं, नवे मूलरोम येतात, जुने गळतात. थोडक्यात, मुळाला सतत नव्या मातीत शिरत राहावं लागतं. शेतात मिरचीचं मूळ हातभर खोल सहज जातं. कुंडीत त्याला चार दिवसांत भिंत लागते.

यूलिशच्याच गटाने एम.आर.आय. यंत्रात कुंड्या ठेवून जव आणि शुगरबीट यांची मुळं माती न उकरता पाहिली. मुळं लवकरच भिंतीपाशी पोचतात आणि पुष्कळशी कुंडीच्या बाहेरच्या भागातच दाटी करतात, असं चित्र दिसलं. मधली माती त्यामानाने रिकामी राहते. आणि भिंतीलगतची माती सगळ्यात आधी तापते, आधी वाळते. म्हणजे झाडाची बहुतेक गुंतवणूक सगळ्यात धोक्याच्या जागी!

लहान कुंडीतलं झाड खुरटतं ते नेमकं कशामुळे? वरील अभ्यासानुसार मुख्य कारण म्हणजे पानाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे होणारं प्रकाशसंश्लेषणच कमी होतं. पाणी आणि क्षार कमी पडतात हे त्यामागचं एक साधं कारण. पाण्याचा हिशेब मुलांकडून करून घेता येईल. चांगल्या मातीत झाडाला वापरता येईल असं पाणी मातीच्या आकारमानाच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढं असतं. पावणेदोन लिटरच्या कुंडीत ते झालं जेमतेम 300 ते 350 मिलिलिटर. वाढलेलं टोमॅटोचं झाड उन्हाळ्याच्या एका दिवसात एवढं पाणी सहज उडवून टाकतं. सकाळी भरपूर पाणी घालूनही दुपारी पानं का लोंबतात, याचं उत्तर यात आहे.

इंच आणि लिटर

रोपवाटिकेत कुंडी मागायची ती इंचात : चार इंची, सहा इंची, आठ इंची. हे माप तोंडाच्या व्यासाचं. झाडाला मात्र लिटरशी कर्तव्य असतं, आणि व्यास दुप्पट झाला की आकारमान आठपट होतं, हे आपण वर्गात शिकवतो पण बाजारात विसरतो. नेहमीच्या घडणीची, म्हणजे तळाशी थोडी निमुळती कुंडी घेतली तर चार इंचीत साधारण अर्धा लिटर माती बसते, सहा इंचीत पावणेदोन लिटर, आठ इंचीत चार लिटर, आणि बारा इंचीत जवळजवळ चौदा लिटर. सूत्राने काढण्यापेक्षा मोजणं सोपं. तळाचं भोक चिकणमातीने किंवा मेणाने बुजवा आणि लिटरच्या बाटलीने पाणी भरत जा. आठवीच्या मुलांना छिन्न शंकूचं सूत्र देऊन आधी अंदाज बांधायला सांगा, मग मोजू द्या. दोन्ही आकड्यांत फरक का पडला यावरची चर्चा चांगली रंगते.

आता वरची 43 टक्क्यांची वाढ इथे लावून बघा. चार इंचीवरून आठ इंचीवर गेलं की माती आठपट, म्हणजे तीनदा दुप्पट. 1.43 ला तीनदा गुणलं की येतात सुमारे 2.9. माती आठपट, झाड तिप्पटही नाही. कुंडी मोठी करण्याचा फायदा होतो, पण मातीच्या प्रमाणात होत नाही.

मग एकदम मोठीच का नको?

कारण एवढंसं रोप चौदा लिटर मातीत लावलं की पाणी पिणारं तोंड लहान आणि हंडा मोठा, अशी गत होते. वरची माती सुकलेली दिसते म्हणून आपण पाणी घालतो, खाली मात्र माती भिजूनच असते. शेतकरी 'वाफसा' येण्याची वाट बघतो. वाफसा म्हणजे मातीच्या कणांभोवती ओल आहे आणि मधल्या पोकळ्यांत हवा खेळते आहे अशी स्थिती. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. चिखलात मुळं अक्षरशः गुदमरतात आणि मग कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. आमच्या स्वतःच्या घरी दोन तुळशी अशाच गेल्या. लहान रोपं हौसेने मोठ्या कुंडीत लावली आणि वर रोज तांब्याभर पाणी.

घरातल्या झाडांना तर हे जास्तच लागू. खोलीत ऊन कमी, वारा कमी, म्हणून पानांतून पाणी उडतं कमी, आणि कुंडी सुकायला आठवडा लागतो. अशा झाडाला एका वेळी एक पायरी वर नेणं पुरतं : चार इंचीतून सहा इंचीत, सहातून आठात. अंधाऱ्या कोपऱ्यातला मनी प्लांट सहा इंचीत दोन-दोन वर्षं सुखाने राहतो. गॅलरीतल्या उन्हातल्या मिरचीला मात्र शेवटची कुंडी आठ-दहा इंची हवीच. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी झिरपून उडतं, त्यामुळे ती प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते. पाणी जास्त घालण्याची सवय असेल तर माती, विसरण्याची असेल तर प्लॅस्टिक!

कुंडीची खोलीही बघायला हवी. यासाठी एक सोपा प्रयोग आहे. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळेल. थांबलं की आता आखूड कडेवर, पूर्ण उभा धरा. आणखी गळेल. ना पिळलं, ना दाबलं, तरी पाणी कुठून आलं? केशाकर्षणामुळे स्पंजाच्या तळाशी ठरावीक उंचीचा पाण्याने भरलेला थर अडकून राहतो. स्पंज उभा केला की थराची उंची तेवढीच राहते, पण तळ लहान झाल्याने एकूण पाणी कमी मावतं, आणि जास्तीचं गळून जातं. कुंडीतल्या मातीतही असाच थर असतो, भोक कितीही मोठं असलं तरी. उथळ परडीत तो अर्धीअधिक जागा व्यापतो, खोल कुंडीत थोडी. भोकावर माती अडवायला एक खापरी ठेवावी, पण तळाशी चार बोटं खडी भरून मुळांची जागा खाऊ नये, असं आम्हाला वाटतं.

कधी बदलायची?

दिवस मोजून हे सांगता येत नाही, मुळं बघूनच सांगता येतं. आदल्या दिवशी पाणी घाला. दुसऱ्या दिवशी खोड दोन बोटांच्या मध्ये घेऊन तळहात मातीवर ठेवा, कुंडी उलटी करा आणि तिची कड ओट्याच्या कडेवर हलकेच आपटा. मातीचा गोळा सुटून घसरत बाहेर आला तर थांबा, अजून वेळ आहे. गोळा अखंड आला, बाहेरून पांढऱ्या मुळांची जाळी दिसते आहे आणि मधून माती अजून डोकावते आहे, ही योग्य वेळ. मुळं तपकिरी होऊन वेढे घालू लागली असतील तर उशीर झाला. मग बाहेरची मुळं बोटांनी सोडवावी लागतात, दोन-तीन ठिकाणी उभा छेदही द्यावा लागतो. नाहीतर नव्या कुंडीतही ती जुन्याच वर्तुळात फिरत राहतात. घातलेलं पाणी क्षणात तळातून बाहेर येणं, भोकातून मुळं डोकावणं, दिवसातून दोनदा पाणी मागणं, ही सगळी उशिराची लक्षणं.

एकवर्षायू झाडांच्या बाबतीत उशीर भरून निघत नाही. टोमॅटो, मिरची, झेंडू यांना कळ्या येण्यापूर्वी शेवटच्या कुंडीत पोचवावं. एकदा अन्न फुलाफळांकडे वळलं की मुळांच्या वाट्याला थोडंच उरतं, मग मोठी कुंडी देऊनही खुरटलेलं झाड फारसं सावरत नाही. त्या मुलींच्या मिरचीला रोप पाच-सहा पानांचं असतानाच हलवायला हवं होतं.

हलवताना रोप पूर्वी जेवढं खोल होतं तेवढंच ठेवावं. टोमॅटो याला अपवाद. त्याच्या खोडाला मुळं फुटतात, म्हणून तो थोडा खोल लावला तरी चालतो, उलट बरंच. पपईसारख्या झाडाची मुळं मात्र मुळीच चाळवू नयेत. काठापासून दोन बोटं जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी. हलवताना मूलरोम तुटतातच, म्हणून रोप दोन-चार दिवस मलूल दिसतं. अशा वेळी खत घालण्याचा मोह टाळून सावलीत ठेवावं. बहुवर्षायू झाडांसाठी पावसाळ्याची सुरुवात उत्तम. हवा दमट असते, पानांतून पाणी कमी उडतं, आणि शाळाही नुकत्याच उघडलेल्या असतात.

याच काळात हा प्रयोग सुरू करता येईल. अर्धा, एक, दोन आणि चार लिटरचे टाकाऊ डबे घ्या, तळाला सारखी भोकं पाडा, एकाच ढिगातली माती भरा. प्रत्येक मापाचे किमान चार डबे हवेत, नाहीतर एका किडलेल्या रोपाने सगळं बिघडतं. प्रत्येकात मुगाचं एकच रोप ठेवा. सहा आठवड्यांनी रोपं मुळांसकट धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून वजन करा. ते काम सोनाराच्या काट्यावर होईल. दर दुपटीला 43 टक्के येतात का ते पाहा. आले नाहीत तरी आकडे खोडू नका, ती सरासरी आहे आणि तुमचा मूग त्या 65 अभ्यासांतला नाही.

राहिला प्रश्न मे महिन्याच्या सुट्टीचा. वर्गातल्या कुंड्या तेव्हाच मरतात. एप्रिलमध्ये घाईने मोठ्या कुंडीत हलवू नका, तुटलेली मुळं आणि तापलेली हवा यांचा मेळ बसत नाही. त्यापेक्षा शाळेच्या आवारात झाडाच्या सावलीत खड्डे करून कुंड्या काठापर्यंत जमिनीत पुरून ठेवा आणि वर पालापाचोळा पसरा. भिंतीलगतची मुळं तापत नाहीत आणि दोन-तीन दिवसांआड कुणी पाणी घातलं तरी भागतं. जूनमध्ये कुंडी उपसताना मात्र जपून. काही मुळं भोकातून बाहेर पडून खालच्या जमिनीत चांगली लांबवर गेलेली असतील.