स्वयंपाकघराची कपाटे : पॉलिश की रंग?

घरात नवे स्वयंपाकघर करायचे ठरले. सूनबाईंना पांढरीशुभ्र कपाटे हवी, बेगमला लाकडाचे रेषे दिसायला हवेत. मिस्त्री म्हणाला, "शेठ, सांगाल ते करू." मी पडलो कापडवाला, म्हणून मामला कापडाच्या हिशेबाने समजून घेतला.

कापडाची रंगाई आणि खडीची छपाई यांत जो फरक, तोच स्टेन आणि पेंटमध्ये आहे. रंगाईचा रंग धाग्यात शिरतो, खडी बाइंडरच्या जोरावर वर बसते. तसा स्टेन लाकडात मुरतो, रेषे खुलवतो, पण दोषही लपवत नाही. पेंट लांबी आणि प्रायमरवर थर धरतो. खाली काय आहे ते कळत नाही.

तेव्हा आधी माल बघा. सागवान किंवा सागाचे व्हिनिअर असेल तर त्यावर रंग मारणे म्हणजे जरीचा पदर आत दुमडून साडी नेसणे. एमडीएफला रेषेच नाहीत, त्याला रंगच द्यावा. मात्र कडा नीट बंद करून घ्या, पाणी लागले की त्या फुगतात.

नुसत्या स्टेनने लाकडाचे रक्षण होत नाही, वर पारदर्शक थर लागतो. चपड्याचे स्पिरिट पॉलिश देखणे असते, पण पाणी साचले किंवा गरम पातेले टेकले की पांढरा डाग पडतो. शेगडीजवळ मेलामाइन किंवा पी.यू. बरे. रंगाचे दुखणे वेगळे. भरीव लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते आणि चौकटीच्या सांध्यावर रंगाला बारीक चीर पडते. शिवाय हळद! कपड्यावरची हळद उन्हात उडते, कपाट कोण उन्हात घालणार?

आणखी एक गोष्ट. पॉलिशवरून पुढे रंगाकडे जाता येते. घासून प्रायमर मारला की झाले. उलट यायचे तर सगळा रंग खरवडावा लागतो, आणि व्हिनिअर इतके पातळ असते की घासता घासता खालचे प्लाय उघडे पडते. मन ठरत नसेल त्याने आधी पॉलिशच करावे.

आता कारागीर भावांसाठी. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने दोन लॉटचे प्लाय आणून एकच स्टेन लावला. निम्मी दारे गडद, निम्मी फिकी निघाली. गिऱ्हाइकाने पैसे अडवले, काम पदरमोड करून पुन्हा करावे लागले. रंगाईवाल्याला हे सांगावे लागत नाही. तो लॉट मिसळत नाही. सगळा माल एकाच लॉटचा घ्या, त्याच फळीच्या तुकड्यावर शेवटच्या हातापर्यंत नमुना करा आणि तो गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातल्या उजेडात दाखवा. पसंत पडला की मागे सही घ्या. तुकडा कापून निम्मा त्याच्याकडे, निम्मा आपल्याकडे.

आमच्याकडे शेवटी खाली सागाचे पॉलिश झाले, वर पांढरा रंग. हळदीचा डबा खालच्या कपाटात असतो.