घराची जमीन आणि फरशीची निवड

भिंतीचा रंग मनासारखा उतरला नाही, तर पुढच्या दिवाळीला तो बदलता येतो. जमिनीचे तसे नाही. ती चुकली, तर घर रिकामे करून उखडावी लागते. म्हणून फरशीची निवड करताना शोभेचा विचार शेवटी करावा. आधी हवामान, पाणी आणि घरात वावरणारी माणसे यांचा विचार करावा.

उदाहरणादाखल इरुंगाट्टुकोट्टै हे गाव घेऊ. चेन्नईच्या पश्चिमेस, बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर ते वसले आहे. तमिळनाडू शासनाच्या ‘सिपकॉट’ या संस्थेची औद्योगिक वसाहत येथे आहे, आणि १९९८ पासून ह्युंदाईच्या मोटारी येथे तयार होतात. अशा ठिकाणी बदली होऊन आलेले कुटुंब जेव्हा घर बांधू लागते, तेव्हा गावाकडच्या सवयी कितपत उपयोगी पडतील, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. या भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. चेन्नई परिसरात वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत येतो. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईतील असंख्य घरांमध्ये पाणी शिरले होते.

उष्ण प्रदेशात दगडी फरशी सुखावह वाटते, याचे कारण काय? एकाच खोलीतील दगड आणि लाकूड यांचे तापमान बहुधा सारखेच असते. परंतु ग्रॅनाइट लाकडाच्या दहापटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतो. तळपायाची ऊब तो चटकन ओढून घेतो, म्हणून तो गार लागतो. तळमजल्यावर खालच्या भूमीचा थंडावाही मिळतो. वरच्या मजल्यावर हा लाभ बराचसा स्पर्शापुरताच राहतो. तापलेल्या छतावर फरशी हा उपाय नव्हे.

दुसरी कसोटी पाण्याची. भिंतीला लावण्याच्या चकाकीदार फरश्या आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही अधिक पाणी शोषू शकतात. व्हिट्रिफाइड फरशीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असते. लाकडी भुश्याच्या दाबीव पट्ट्या पाण्याने फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. जेथे पुराचे भय आहे, तेथे तळमजल्यावर त्या टाळणेच इष्ट.

तिसरी कसोटी आम्लाची. संगमरवर, कोटा, शहाबादी आणि कडप्पा हे सारे चुनखडीच्या कुळातले दगड आहेत. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी त्यांची झिलई जाते आणि निस्तेज डाग उमटतात. ज्या स्वयंपाकघरात रोज चिंचेचे सांबार शिजते, तेथे ग्रॅनाइट अधिक टिकतो. उलट अंगणात, ओसरीवर किंवा जिन्यात खडबडीत शहाबादी अजूनही स्वस्त आणि भरवशाची आहे.

चौथी कसोटी झिजेची. पायांबरोबर घरात येणाऱ्या वाळूत गारगोटीचे कण असतात. काठिण्याच्या मोहस् मापावर गारगोटी सातव्या स्थानी, तर संगमरवरातील कॅल्साइट तिसऱ्या स्थानी आहे. साहजिकच वाळू संगमरवरावर ओरखडे काढते. उंबऱ्याशी ठेवलेले साधे पायपुसणे अशा फरशीचे आयुष्य वाढवते.

तमिळनाडूची स्वतःची परंपराही ध्यानात घेण्याजोगी आहे. कारैकुडीजवळील आत्तंगुडी गावात काचेच्या तुकड्यावर साचा ठेवून त्यात रंगीत सिमेंट ओततात, त्यावर वाळू व सिमेंट दाबून बसवतात, मग फरशी पाण्यात मुरवून वाळवतात. ती भट्टीत भाजली जात नाही. पायांच्या वर्दळीने आणि पुसण्याने तिला हळूहळू तकाकी येते. मात्र तीही आम्लापासून जपावी लागते.

फरशी कितीही उत्तम असली, तरी ती बसवण्यात कसूर झाल्यास व्यर्थ होय. खाली पोकळी राहिल्यास ती ठोकल्यावर बद्द वाजते व वजनाने तडकते. फरश्या एकमेकींना अगदी चिकटवून बसवल्या, तर उन्हाळ्यात प्रसरणाला जागा उरत नाही आणि मधल्या फरश्या उचलल्या जातात. म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा सांधा ठेवणे आवश्यक आहे. जुन्या इमारतीत वजनाचाही विचार हवा: दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस मीटरला पन्नास किलोंहून अधिक भरतो आणि खालच्या गिलाव्याचा थर त्यात आणखी भर घालतो. अशा वेळी अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून पुढे जाऊ नये.

शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. आरशासारखी चकचकीत फरशी ओली झाली की निसरडी होते आणि वृद्ध माणसाचा एकदा पाय घसरला, तर खुब्याचे हाड मोडून ते कायमचे अंथरुणाला खिळू शकते. न्हाणीघर, मोरी आणि पायऱ्या येथे खरखरीत पृष्ठभागच हवा. पाणी साचू नये म्हणून ढाळही हवा.

दुकानातून नमुन्याचा तुकडा घरी आणावा. त्यावर लिंबाचा रस आणि तेल रात्रभर राहू द्यावे. सकाळी तो धुऊन, पाणी ओतून, आधार धरून अनवाणी पाय ठेवून पाहावा. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला त्यावर पाय निर्धास्तपणे टेकता आला, तरच रंग आणि नक्षी यांची चर्चा सुरू करावी.