रोमन अंक

मुंबईच्या अपोलो बंदरावर 'गेटवे ऑफ इंडिया' ही भव्य कमान उभी आहे. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज व राणी मेरी यांनी या बंदरावर पाऊल ठेवले, त्या प्रसंगाची स्मृती म्हणून ती बांधण्यात आली. १९१३ साली तिची कोनशिला बसविण्यात आली व १९२४ साली ती पूर्ण झाली. कमानीवर कोरलेल्या इंग्रजी लेखात राजाच्या आगमनाचे वर्षही दिलेले आहे. परंतु ते वाचू जाणारा प्रवासी क्षणभर थबकतो. तेथे एकही परिचित अंक नाही. आहेत ती केवळ पाच अक्षरे : एम-सी-एम-एक्स-आय. ही अक्षरे १९११ हे साल सांगतात, हे रोमन अंकांची रीत ज्यास ठाऊक आहे त्यासच उमगते.

प्राचीन रोमन लोकांनी रूढ केलेले हे अंक आजही घड्याळांच्या तबकड्यांवर, ग्रंथांच्या प्रस्तावनेच्या पृष्ठांवर आणि राजांच्या नावांपुढे आढळतात. या पद्धतीत चिन्हे सातच आहेत. आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स म्हणजे १०, एल म्हणजे ५०, सी म्हणजे १००, डी म्हणजे ५०० आणि एम म्हणजे १०००. लॅटिन भाषेत शंभरास 'सेंटुम' व हजारास 'मिले' म्हणतात. त्यांची आद्याक्षरे सी व एम हीच असल्याने ही दोन चिन्हे सहज ध्यानात राहतात.

या चिन्हांपासून संख्या तयार करण्याचा मुख्य नियम बेरजेचा आहे. मोठे चिन्ह आधी व लहान चिन्ह नंतर आले, म्हणजे दोहोंची बेरीज करावयाची. व्ही-आय म्हणजे ६ आणि एक्स-व्ही म्हणजे १५. आय, एक्स, सी व एम ही चिन्हे लागोपाठ तीन वेळांपर्यंत लिहिता येतात; जसे एक्स-एक्स-एक्स म्हणजे ३०. व्ही, एल व डी ही चिन्हे मात्र दोनदा लिहीत नाहीत. दोन व्ही लिहिण्याऐवजी एक एक्स लिहिणेच सोईचे नव्हे काय?

दुसरा नियम वजाबाकीचा. लहान चिन्ह मोठ्या चिन्हाच्या आधी आले, तर ते मोठ्यातून उणे करावयाचे. आय-व्ही म्हणजे ४, आय-एक्स म्हणजे ९. मराठी माणसास ही कल्पना नवखी नाही. 'एकोणीस' या शब्दाचा मूळ अर्थ 'एक उणे वीस' असाच आहे आणि 'पावणेदोन' म्हणजे पाव उणे दोन. लॅटिन भाषेतही एकोणिसास 'वीसातून एक' अशा अर्थाचाच शब्द होता.

तथापि कोणतेही चिन्ह कोठेही उणे करण्याची मुभा नाही. आय हे चिन्ह केवळ व्ही व एक्स यांच्या आधी येते, एक्स हे एल व सी यांच्या आधी, तर सी हे डी व एम यांच्या आधी. म्हणून ९९ ही संख्या आय-सी अशी लिहिता येत नाही. नव्वदांसाठी एक्स-सी व नवांसाठी आय-एक्स असे एक्स-सी-आय-एक्स लिहावे लागते.

आता कमानीवरील साल उलगडणे अवघड नाही. पहिला एम म्हणजे १०००. पुढे सी हा एमच्या आधी आला आहे. म्हणून सी-एम म्हणजे ९००. एक्स म्हणजे १० आणि आय म्हणजे १. एकूण बेरीज १९११.

नेहमीची संख्या रोमन अंकांत लिहिताना याच्या उलट क्रम घ्यावयाचा. भारत स्वतंत्र झाला ते साल १९४७. त्याचे प्रथम भाग पाडावेत : १०००, ९००, ४० व ७. त्यांची रोमन रूपे अनुक्रमे एम, सी-एम, एक्स-एल व व्ही-आय-आय. ती ओळीने मांडली की एम-सी-एम-एक्स-एल-व्ही-आय-आय हे साल सिद्ध होते.

प्रत्यक्ष रोमन लोक मात्र हे नियम इतके काटेकोरपणे पाळीत नसत. रोम शहरातील कोलोसियम या प्रचंड प्रेक्षागाराच्या ४४ क्रमांकाच्या प्रवेशद्वारावर एक्स-एल-आय-आय-आय-आय असे कोरलेले आहे. तेथे चाळीस वजाबाकीने लिहिले आहेत, पण चार मात्र बेरजेने. अनेक घड्याळांवरही चाराच्या जागी चार आय दिसतात, ते याच जुन्या रीतीस धरून.

या पद्धतीची खरी उणीव निराळीच आहे. ३३३ या संख्येत तीन हा एकच अंक स्थान बदलताच तीनशे, तीस व तीन अशा तीन किमती धारण करतो. रोमन चिन्हास असे स्थानमूल्य नाही. ३८८८ ही चार अंकी संख्या लिहिण्यास तेथे पंधरा अक्षरे लागतात. शिवाय या अंकांनी गुणाकार व भागाकार करणे फारच जिकिरीचे होते. म्हणून रोमन लोक पाटावर खडे मांडून हिशेब करीत आणि केवळ उत्तर अंकांत लिहीत. लॅटिन भाषेत खड्यास 'कॅल्क्युलस' म्हणत. 'कॅल्क्युलेटर' हा शब्द त्यातूनच आला आहे.

ही अडचण दूर केली ती भारतीय अंकपद्धतीने. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्यासह गणित करण्याचे नियम दिले. पुढे अरब विद्वानांनी भारतीय अंक आपलेसे केले आणि १२०२ साली पिसा येथील लिओनार्दो याने आपल्या ग्रंथातून युरोपास त्यांची महती पटवून दिली. तरीही जुनी रीत सहजासहजी सुटली नाही. १२९९ साली फ्लॉरेन्स येथील सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरण्यास मनाई केली. शून्यास शेपूट जोडून त्याचा सहा किंवा नऊ करता येईल, अशी भीती त्यामागे असावी, असे इतिहासकार सांगतात. परंतु कागदावरच सर्व गणित करण्याची सोय एवढी मोठी होती, की अखेरीस व्यापाऱ्यांनी व शास्त्रज्ञांनी नवे अंकच स्वीकारले.

आज रोमन अंकांनी कोणी हिशेब करीत नाही. ते उरले आहेत शोभेसाठी व स्मरणासाठी. पण ते वाचता येऊ लागले, की जुन्या वास्तूंवरील मुकी अक्षरे बोलू लागतात. आणि एका लहानशा शून्याने मनुष्याचे केवढे श्रम वाचविले, हेही कळून येते.

स्वाध्याय

१. ९९ ही संख्या आय-सी अशी का लिहीत नाहीत?
२. महाराष्ट्र राज्याची स्थापना १९६० साली झाली. हे साल रोमन अंकांत लिहा.
३. सी-डी-एक्स-सी-आय-एक्स ही संख्या कोणती?
४. 'एकोणीस' या शब्दाप्रमाणे 'एक उणे' हा अर्थ असलेले आणखी चार संख्यावाचक शब्द लिहा.