सिनसिनाटीतली उमेदवारी

परदेशी विद्यापीठांची माहितीपत्रकं वाचायचा मला जुना नाद आहे. शिकायला जायचं वय केव्हाच उलटलं, नाद काही सुटला नाही. त्यातही मानसशास्त्राची पानं मी हटकून उघडतो. बारावीनंतर ‘सायकॉलॉजी करायचंय’ म्हणणारी मुलं आता घरोघरी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे कॅनडाकडे लागलेले असतात. वॉटर्लू विद्यापीठाचंच घ्या. मानसशास्त्रात तिथं बी.ए. ऑनर्स करता येतं, बी.एस्सी. ऑनर्सही करता येतं. गाभा तोच, बी.एस्सी.वाल्याच्या ताटात मूलभूत विज्ञान जास्त पडतं. वर को-ऑपची जोड घेता येते, म्हणजे चार महिने वर्ग, चार महिने पगारी नोकरी, असं आलटून पालटून. पदवी लांबते, पण हातात अनुभव असतो आणि थोडे पैसेही.

ही सोय नेमकी कुणाच्या डोक्यातून निघाली, याचा शोध घ्यायला लागलो आणि ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात जाऊन अडकलो. तिथून अजून पुरता बाहेर पडलेलो नाही.

को-ऑपचा जनक हर्मन श्नायडर. जन्म १८७२, पेनसिल्वेनियाच्या कोळसापट्ट्यातला. शिक्षण लेहाय विद्यापीठात, व्यवसायानं स्थापत्य अभियंता. त्याच्याबद्दलची आख्यायिका अभियांत्रिकी शिक्षणाच्या प्रत्येक इतिहासात सापडते. लेहायच्या आवारात संध्याकाळी फेऱ्या मारत तो विचार करत होता, इतक्यात शेजारच्या पोलाद कारखान्यातल्या बेसेमर भट्टीनं डरकाळी फोडली आणि त्याला सुचलं, की प्रयोगशाळा तर कुंपणापलीकडे तयारच आहे, विद्यापीठानं ती वेगळी बांधायची कशाला? लेहायमध्ये हे कुणी मनावर घेतलं नाही. १९०३ मध्ये तो सिनसिनाटीला गेला आणि १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांवर प्रयोग सुरू झाला. विश्वस्तांनी वर्षभराची परवानगी दिली ती सुद्धा, फसल्यास जबाबदारी आमची नाही, अशी पुस्ती जोडून. जगभरच्या विद्यापीठांनी उचललेल्या कल्पनेचं बारसं असं हात झटकून झालं, हे मला फार आवडतं.

जोड्या लावलेल्या असत. या आठवड्यात एक मुलगा कारखान्यात, त्याचा जोडीदार वर्गात. पुढच्या आठवड्यात उलट. यंत्र थांबत नसे, बाकही रिकामा राहत नसे. वर्ग आणि कारखाना यांच्यात ये-जा करणारा एक शिक्षक नेमला गेला, त्याला ‘को-ऑर्डिनेटर’ म्हणत. मुलगा कारखान्यात काय करतो ते हा समन्वयक स्वतः जाऊन बघे आणि वर्गात त्याचा धागा पकडे. माझ्या मते श्नायडरचा खरा शोध हाच. मुलाला नोकरीला लावणं कुणालाही जमतं, त्या नोकरीतून काय निघालं हे पाहायला माणूस नेमणं त्याला सुचलं.

इथवरची गोष्ट अभियंत्यांची. पण श्नायडरच्या मनात दुसराच किडा वळवळत होता: कोणत्या माणसाला कोणतं काम मानवतं? माणसाला चैतन्य देणारी कामं आणि माणसाला झिजवून बोथट करणारी कामं, अशी वर्गवारी त्यानं मांडली. रेल्वे इंजिनाचा चालक पहिल्या गटातला. दिवसभर एकच तुकडा एकाच यंत्रात सरकवणारा दुसऱ्यातला. पुढे १९१३ च्या सुमारास त्यानं एक यादी छापली, आणि मला या सगळ्या प्रकरणाची गोडी लागली ती तिच्यामुळे. यादी बहुतांशी विरोधी जोड्यांची आहे: स्थिरावणारा की भटक्या, घरातलं काम आवडणारा की उघड्यावरचं, हुकूम देणारा की हुकुमाची वाट पाहणारा, नवं काढणारा की समोरचं हुबेहूब उतरवणारा, छोटा आवाका की मोठा, सबुरीचा की उतावळा. मधेच, जोडी न लावता, दोन गोष्टी सुट्या टाकलेल्या: संगीताची जाण आणि रंगाची जाण. लेथवर काम करणाऱ्या पोरांच्या यादीत संगीत कशाला, असं क्षणभर वाटतं. पण बेअरिंग बिघडलंय हे सराईत फिटर कानानंच ओळखतो, हे कारखान्यात वावरलेल्या कुणालाही ठाऊक असतं. श्नायडरचं कारण तेच होतं की नाही, कोण जाणे. यादीत रसायनशास्त्राचे गुण नाहीत, शाळेची टक्केवारी नाही. पोरांना वर्षानुवर्षं कामावर पाहून केलेली ही टिपणं आहेत, आणि त्याच रूपात ती वाचायला हवीत.

त्या काळात माणूस पारखायचे दुसरे धंदेही जोरात होते. बॉस्टनमध्ये १९०८ साली व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी उघडणारे फ्रँक पार्सन्स, ज्यांना त्या क्षेत्राचे पितामह म्हणतात, तेही उमेदवाराच्या डोक्याच्या ठेवणीकडे लक्ष द्यायला सांगत. कॅथरीन ब्लॅकफोर्ड नावाच्या डॉक्टरीणबाई गोऱ्या-सोनेरी केसांची माणसं धडाडीची आणि काळ्या केसांची सोशीक, असलं शास्त्र कारखानदारांना विकत होत्या, आणि कारखानदार ते घेतही होते. आपल्याकडे हातावरच्या रेषा पाहून पोराला सायन्सला घालणारे आजही आहेत, तेव्हा हसण्यात अर्थ नाही. १९२२ मध्ये डोनाल्ड पॅटरसन आणि कॅथरीन लुडगेट यांनी साधी चाचणी घेतली. ओळखीच्या सोनेरी आणि काळ्या केसांच्या माणसांना लोकांनी कोणते गुण लावले ते मोजलं. दोन्हीकडे तेच गुण निघाले.

चेहरेपट्टीवर श्नायडरचा विश्वास नव्हता. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांबद्दलही तो साशंक होता. हार्वर्डचे ह्यूगो म्यून्स्टरबर्ग त्याच सुमारास ट्रॅमचालकांची निवड करायला चाचण्या बनवत होते (त्यांच्याकडे शिकलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी १९१६ मध्ये कलकत्त्याला भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग उभा केला, ही आपली नाळ). श्नायडरचं म्हणणं सरळ होतं: पोराला कामावर घाला, नाही जमलं तर दुसऱ्या कामावर घाला, कळेल. अर्धं मानसशास्त्र इथं मोडीत निघतं, असं मला आधी वाटलं. मग त्याच शहरातली हेलन थॉम्पसन वूली भेटली.

वूलीबाईंचं नाव मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आलंच तर तळटिपेत येतं. त्यांचा जन्म १८७४ चा, शिकागोचा. १९०० मध्ये शिकागो विद्यापीठातून त्या डॉक्टरेट झाल्या. प्रबंधाचा विषय स्त्री-पुरुषांच्या मानसिक गुणांतला फरक, आणि पद्धत प्रयोगाची. २५ पुरुष आणि २५ स्त्रिया प्रयोगशाळेत बसवून त्यांनी मोजमापं घेतली आणि निष्कर्ष काढला, की फरक किरकोळ आहेत आणि जे आहेत त्यांची मुळं बरीचशी वाढवण्याच्या रीतीत आहेत. १९१० मध्ये याच विषयावरच्या संशोधनाचा आढावा लिहिताना त्यांनी त्या काळच्या विद्वानांची अशी सालटी काढली आहेत, की इतकं तिखट शास्त्रीय गद्य पुन्हा वाचायला मिळणं कठीण. पूर्वग्रहाला शास्त्राचा अंगरखा घालणाऱ्यांना त्यांनी जवळपास शिव्याच घातल्या.

नवरा पॅथॉलॉजिस्ट. त्याच्या नोकऱ्यांमागे आधी फिलिपीन्स, सयाम, मग सिनसिनाटी असा संसार फिरला. सिनसिनाटीच्या विद्यापीठात त्यांना थोडं शिकवायचं काम मिळालं, कायमचं काही नाही. आणि नेमक्या त्याच वेळी ओहायोनं बालमजुरीचा कायदा कडक केला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागायचं असेल तर मुलाला शाळा खात्याकडून कामाचा दाखला घेणं बंधनकारक झालं. दाखला ठरावीक मालकाच्या नावानं मिळे. नोकरी बदलली की पोरगं परत कचेरीत.

ही कारकुनी तरतूद म्हणजे संशोधकाच्या हाती लागलेलं घबाड होतं, आणि ते घबाड आहे हे ओळखलं वूलीबाईंनी. १९११ पासून त्यांनी दाखला मागायला आलेल्या सुमारे साडेसातशे मुलामुलींचा पाठपुरावा सुरू केला आणि तुलनेला शाळेतच राहिलेल्या त्याच वयाच्या मुलांचा गट घेतला. मनगटाची पकड, हाताची स्थिरता, उंची, वजन. मग आकड्यांच्या रांगा ऐकून पाठ म्हणणं, छापील मजकुरातलं एकच अक्षर शोधून खोडणं, शब्दाचा विरुद्धार्थी शब्द सांगणं, गाळलेल्या जागा भरून वाक्य पुरं करणं. पुन्हा पुढच्या वर्षी तेच. सोबत प्रत्येकाच्या नोकरीचा माग: कोणता कारखाना, किती पगार, का सोडली. एका प्रयोगशाळेला आयुष्यभर झेपला नसता असा हा पसारा एका सरकारी खिडकीच्या आधारानं चालला होता. श्मिडलॅप नावाच्या एका निधीतून त्याला हातभार लागला आणि एम. एडिथ कॅम्पबेल यांच्यासारखी खमकी सहकारी लाभली. शाळा खात्यात ही कचेरी टिकवण्यामागे त्या बाईंचा हात मोठा.

निघालं काय? शाळेत राहिलेली मुलं सरासरीनं चाचण्यांत पुढे होती, शरीरानंही. पण वूलीबाई तिथं थांबल्या नाहीत. घरोघरच्या चौकशीत दिसलं, की बहुतेक घरांत पोराच्या चार पैशांवाचून चूल अडणार नव्हती. शाळेचा कंटाळा हे मोठं कारण होतं. आणि चौदा वर्षांच्या पोराला मिळणाऱ्या कामात शिकण्याजोगं जवळजवळ काही नसे. खोकी चिकटवा, निरोप पोचवा, बुटाचा एकच भाग हजारदा पुढे सरकवा. मग पोरं कंटाळून नोकऱ्या बदलत, पुन्हा खिडकीशी येत, नवा दाखला घेत. श्नायडरनं ज्याला झिजवणारं काम म्हटलं होतं, त्याची जमाखर्चाची वही वूलीबाईंकडे होती.

एकाच गावात, एकाच दशकात दोघं. श्नायडर म्हणे, काम केल्यानं माणूस कळतो आणि घडतो. बाई आकडे दाखवून म्हणत होत्या, कुठलं काम, कुठल्या वयात, आणि बघायला कोण आहे, यावर ते अवलंबून आहे. माझा कौल वूलीबाईंना. श्नायडरचे २७ जण विद्यापीठात दाखल झालेले, समन्वयक पाठीशी असलेले. तेच कारखाने, तेच शहर. पण खिडकीशी आलेल्या पोरांच्या मागे समन्वयक नव्हता, एक संशोधक बाई तेवढी वही घेऊन उभी होती. दोघांमध्ये जाहीर वाद झाला असता तर मानसशास्त्राला एक उत्तम प्रकरण मिळालं असतं.

वूलीबाईंचं पुढचं थोडक्यात: १९२१ मध्ये डेट्रॉइटच्या मेरिल-पामर शाळेत, मग कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात, सिनसिनाटीचा जाडजूड ग्रंथ १९२६ मध्ये निघाला, १९३० च्या आसपास प्रकृती आणि मन दोन्ही ढासळून नोकरी गेली, १९४७ मध्ये मृत्यू.

को-ऑप मात्र कारखान्याबाहेर पसरलं. १९२१ मध्ये ओहायोतल्याच अँटिऑक कॉलेजानं ते कलाशाखेसकट सगळ्या विद्यार्थ्यांना लागू केलं, तेव्हा मानसशास्त्र शिकणारी मुलंही त्यात आली. हे करणारे आर्थर मॉर्गन हे पूरनियंत्रणातले अभियंते, पुढे टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष. आणि हेच मॉर्गन विद्यापीठ शिक्षणावरच्या १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाचे सदस्य म्हणून भारतात आले. अहवालातला ग्रामीण विद्यापीठांचा विचार मुख्यतः त्यांचा. शिक्षण घेता घेता काम आणि कामातून शिक्षण, ही अँटिऑकची चाल त्यात साफ ऐकू येते. त्या विचारातून १९५६ मध्ये ज्या ग्रामीण संस्थांना मान्यता मिळाली, त्यांत जे. पी. नाईकांचं गारगोटीचं मौनी विद्यापीठ होतं, अमरावतीचं शिवाजी लोक विद्यापीठही होतं. सिनसिनाटीहून निघालेली वाट भुदरगड तालुक्यात पोचते, हे मला विद्यापीठांच्या कुठल्याही क्रमवारीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता पुन्हा वॉटर्लूकडे. त्याची सुरुवात १९५७ ची. बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीचे कॅनडातले अध्यक्ष आयरा नीडल्स यांनी आदल्या वर्षी रोटरी क्लबात भाषण ठोकलं, की देशाला दीड लाख अभियंते आणि तंत्रज्ञ लागणार. त्याच कंपनीतून आलेले जेराल्ड हेगी विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. जुन्या विद्यापीठांनी नाकं मुरडली. मानसशास्त्र को-ऑपच्या या गाडीत मागाहून चढलं. पण तोवर विभाग भक्कम झाला होता. विचारपद्धती बदलून वर्तन बदलण्याच्या उपचाराचे एक प्रवर्तक डोनाल्ड माइकेनबॉम १९६६ मध्येच तिथं आले होते. (विभागाची इमारत इतकी चक्रावणारी आहे, की उंदरांऐवजी विद्यार्थ्यांवर प्रयोग करायलाच ती बांधली, अशी तिथली दंतकथा आहे.)

इथं आपल्या मुलांचा एक गैरसमज मोडायला हवा. को-ऑपला गेलेला मानसशास्त्राचा विद्यार्थी रुग्णासमोर खुर्ची टाकून बसत नाही. मनुष्यबळ विभाग, इस्पितळातल्या संशोधन प्रकल्पाची माहिती नोंदवणं, शाळा मंडळं, सरकारी खाती, ॲप वापरणारा माणूस कुठं अडखळतो ते पाहणाऱ्या कंपन्या, अशी कामं असतात. ‘सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी तिथं कायद्यानं राखीव आहे, नुसत्या पदवीनं ती लावता येत नाही. याचं अनेकांना वाईट वाटतं, मला वाटत नाही. एकवीस वर्षांच्या मुलानं दुसऱ्याच्या दुःखात हात घालण्याआधी आठवड्याला पस्तीस-चाळीस तास माणसं काम कशी करतात, कशानं वैतागतात, साहेबापुढे काय बोलतात आणि चहाच्या टपरीवर काय, हे चार महिने पाहिलेलं बरं.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानं एम.ए.च्या पहिल्या वर्षाला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’चे ४ श्रेयांक आणले, म्हणजे १२० तास. वॉटर्लूची एक फेरीच याच्या चौपटीहून मोठी. तरी तासांची तक्रार मी दुय्यम मानतो. श्नायडरचा समन्वयक त्यात कुठं आहे? संस्थेच्या प्रमुखाची सही आणि शिक्का म्हणजे देखरेख नव्हे. पुण्याला ज्ञानप्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका आहे, मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांत जुने मानसशास्त्र विभाग आहेत. मोजमापाचं शास्त्र आपल्याकडे कमी नाही. एखाद्या विभागानं आपल्या विद्यार्थ्यांच्या या १२० तासांच्या नोंदी सलग पाच वर्षं नीट गोळा केल्या, कुठं गेले, काय करायला लावलं, काय शिकलो असं त्यांना वाटतं, पुढे कोणत्या नोकरीत टिकले, तर मराठी तरुणांच्या कामाबद्दल वूलीबाईंच्या तोडीचा एक ग्रंथ उभा राहील. त्याला अनुदान लागणार नाही. कागद विद्यार्थी आधीच भरून देतायत.