पिशवीवरचा उतारा आणि पावसाचे दिवस

मक्याचं बियाणं कसं निवडावं, असं येवला, सिल्लोड किंवा शिरपूरकडच्या शेतकऱ्याला विचारलं तर उत्तराची सुरुवात बहुधा कंपनीच्या नावाने होते. कोणत्या वाणाचं कणीस टोकापर्यंत भरतं, कोणाचा दाणा केशरी, कोणतं झाड वाऱ्याने लोळत नाही, हे सगळं तोंडपाठ असतं. तिकडे मका चांगला येतो, त्यामुळे निवडीमागचा विचार बोलून दाखवायची वेळ सहसा येत नाही. तो विचार स्पष्ट दिसतो तो मक्याला अवघड असलेल्या मुलखात. जयपूर हा तसा मुलूख आहे, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम तिथलं घेतो आहे.

जयपूरला वर्षाला सरासरी ५५० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. नगर-सोलापूरच्या माणसाला हा आकडा परका वाटणार नाही. पण सोलापूरला परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत साथ देतो. जयपूरला तसं नाही. तिथे मोसमी पाऊस जूनच्या अखेरीला पोचतो आणि पश्चिम राजस्थानातून त्याच्या माघारीची सरासरी तारीख आहे १७ सप्टेंबर. म्हणजे पेरणीपासून ओल संपेपर्यंत हातात ऐंशी-पंच्याऐंशी दिवस, आणि त्यातले खरे पावसाचे दिवस तीस-पस्तीस. जमीन वाळूमिश्रित पोयट्याची, पाणी फार काळ न धरणारी. विहिरी आणि कूपनलिकांचा उपसा वर्षानुवर्षं भरण्यापेक्षा जास्त झालेला, काही भागांत तर भूजल खारट. अशा शेतात बियाण्याच्या पिशवीवर छापलेला एकरी उतारा वाचून काय ठरवणार? तो चांगल्या पावसाचा, चांगल्या खताचा, चांगल्या जमिनीचा उतारा असतो. जयपूरच्या शेतकऱ्याला आधी विचारावं लागतं की हे किती दिवसांत येतं.

दिवसांचा हा हट्ट कशासाठी, ते मक्याच्या झाडाकडे पाहिलं की कळतं. मक्याचा तुरा वर शेंड्याला येतो आणि कणीस खाली पानाच्या बेचक्यात. तुऱ्यातून पराग गळतो तो जेमतेम आठवडाभर. कणसातून बाहेर डोकावणारा प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो. त्या केसावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. नेमक्या याच वेळी पावसाने ताण दिला तर तुरा वेळेवर येतो, पण केस बाहेर पडायला उशीर करतात. दोघांमधलं हे अंतर दोन दिवसांवरून सहा-सात दिवसांवर गेलं की परागाचा बहर ओसरलेला असतो आणि कणीस अर्धंमुर्धं भरतं. नंतर कितीही पाऊस झाला तरी त्या रिकाम्या जागा भरून येत नाहीत. झाडाला मुख्य कणीस बहुधा एकच, आणि संधीही एकच. म्हणून ताण सहन करणारा मका तयार करताना पैदासकार हे अंतर मोजतात आणि ते कमी असलेली झाडं निवडतात.

बाजरीची रीत वेगळी. तिला फुटवे येतात आणि ते सगळे एकदम फुलत नाहीत. पहिल्या कणसाच्या फुलोऱ्यात पावसाने दगा दिला तर मागचे फुटवे पुढच्या सरीची वाट पाहू शकतात. मक्याला चांगलं पिकायला ५०० ते ६०० मिलिमीटर पाणी, तेही वेळच्या वेळी लागतं; बाजरी त्याहून पुष्कळ कमी पाण्यावर भागवते. त्यामुळे जयपूर जिल्ह्यात खरिपाचं मुख्य पीक बाजरी आहे, आणि ज्याच्याकडे एक-दोन पाणी देण्याची सोय आहे त्याच्याकडे मका दिसतो. मला विचाराल तर कोरडवाहू जयपूरमध्ये मक्याचं सर्वांत चांगलं बियाणं म्हणजे बाजरीचं बियाणं. वाण निवडण्याआधी पीक निवडावं लागतं, आणि ही पहिली पायरी वगळूनच बहुतेक सल्ले दिले जातात.

जयपूर शहरात, टोंक रस्त्यावरच्या दुर्गापुरा भागात, राजस्थान कृषी संशोधन संस्था आहे. जोबनेरच्या श्री कर्ण नरेंद्र कृषी विद्यापीठाचा ती भाग आहे. ‘राज ३०७७’ हा गहू इथला, ‘आरडी’ मालिकेतले जव इथले आणि ‘दुर्गापुरा मधु’ हे खरबूजही इथलंच. बाजरीचे ‘आरएचबी’ संकरित वाण याच संस्थेने दिले. त्यांतला ‘आरएचबी १२१’ पंचाहत्तर ते ऐंशी दिवसांत येतो, ‘आरएचबी १७७’ त्याहून थोडा लवकर. ‘आरएचबी २३३’ आणि ‘२३४’ हे लोह आणि जस्त जास्त असलेले. याहून लवकर हवं असेल तर हिसारच्या कृषी विद्यापीठाचा ‘एचएचबी ६७’ आहे. हा १९९० चा वाण साठ-पासष्ट दिवसांत पिकतो. पुढे गोसावी रोगाला तो बळी पडू लागला, तेव्हा डीएनए-खुणांच्या मदतीने त्यात रोगप्रतिकार आणून २००५ मध्ये सुधारित वाण दिला गेला. पाऊस लांबला की उत्तरेतले शेतकरी आजही याच वाणाकडे वळतात. सर्वांत जास्त उत्पन्न देणारा म्हणून त्याची ख्याती नाही. उशिरा पेरूनही पदरात काही पाडणारा म्हणून आहे.

इथे मराठी शेतकऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. अखिल भारतीय चाचण्यांमध्ये देशाचे विभाग पाडलेले असतात. बाजरीसाठी ४०० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचा पश्चिम राजस्थान आणि लगतचा कोरडा पट्टा हा एक विभाग, जयपूरसह उरलेला उत्तर भारत दुसरा आणि महाराष्ट्र-कर्नाटकासह दक्षिण तिसरा. मक्यातही राजस्थान मध्य-पश्चिम विभागात येतो आणि महाराष्ट्र द्वीपकल्पीय विभागात. त्यामुळे राहुरीने शिफारस केलेली टपोऱ्या दाण्याची ‘धनशक्ती’ बाजरी आपल्याकडे उत्तम आली म्हणून जयपूरला तशीच येईल असं नाही, आणि तिकडचा वाण नातेवाइकाने कौतुकाने पाठवला म्हणून तो आपल्याकडे चालेल असंही नाही. पिशवी घेताना विचारायचं ते हे, की वाणाची शिफारस कोणत्या विभागासाठी आणि कोणत्या हंगामासाठी झाली आहे.

मक्याचे वाण खरिपातल्या मुदतीनुसार ढोबळमानाने चार गटांत मोडतात. पंचाहत्तर दिवसांच्या आत येणारे अति-लवकर, पंच्याऐंशीपर्यंतचे लवकर, पंच्याण्णवपर्यंतचे मध्यम आणि त्यापुढचे उशिराचे. जास्त दिवस उभं राहणारं झाड जास्त ऊन घेतं, जास्त अन्न बनवतं आणि अर्थातच जास्त पिकतं. पण जमिनीत ओल आहे तोवरच. अमेरिकेतल्या आयोवाचा शेतकरीसुद्धा बियाणं दिवसांवरूनच निवडतो. त्याला धास्ती असते शरदातल्या पहिल्या हिमाची. आपल्याकडे खानदेशात किंवा नाशकात पाण्याची सोय असलेला माणूस रब्बीत लांब मुदतीचा मका घेऊ शकतो, पण खरिपात मागून कांदा किंवा हरभरा घ्यायचा असेल तर शेत वेळेत मोकळं व्हायला हवं. कारण वेगळं असलं तरी हिशेब दिवसांचाच.

राजस्थानात मक्याचा खरा मुलूख दक्षिणेला आहे. भिलवाडा, चित्तौडगड, उदयपूर, राजसमंद, डुंगरपूर, बांसवाडा. तिथे मक्याची भाकरी रोजच्या ताटात असते. मेवाडातल्या घराला पांढरा दाणा हवा असतो, कारण त्याची भाकरी चवीला आणि रंगाला त्यांच्या मनासारखी होते. जुन्या ‘साठी’ मक्याची तिथे आजही आठवण निघते. दोन महिन्यांत येणारा, थोडकं देणारा, पण खात्रीचा. बांसवाडा केंद्राने ‘माही धवल’ हा पांढरा आणि ‘माही कांचन’ हा पिवळा वाण दिला. उदयपूरच्या विद्यापीठाने ‘प्रताप मक्का’ मालिका दिली. कोंबडीखाद्य, स्टार्च आणि आता इथेनॉल यांना मात्र पिवळा दाणा लागतो. देशात पिकणाऱ्या मक्याचा मोठा भाग या कारखान्यांकडे जातो. मका विकायचा असेल तर पिवळा निवडा, घरी खायचा असेल तर पांढरा, आणि दोन्ही करायचं असेल तर दोन तुकडे लांब ठेवा. वाऱ्याने पराग एका तुकड्यातून दुसऱ्यात जातो आणि पांढऱ्या कणसात पिवळे दाणे उमटतात.

२००९-१० च्या सुमारास राजस्थान सरकारने ‘गोल्डन रेज’ या प्रकल्पात आदिवासी पट्ट्यात खासगी कंपनीचं संकरित मक्याचं बियाणं फुकट वाटलं. फुकटच्या बियाण्याला विरोध करण्याचं कारण नाही. माझा आक्षेप आहे तो निवडीचा हक्क शेतकऱ्याकडून निसटतो याला. संकरित वाणाचं घरचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत आणि उतारा घसरतो, म्हणून दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागते. संमिश्र वाणाचं बी मात्र चांगली कणसं निवडून तीन-चार वर्षं घरचं वापरता येतं. ज्याच्याकडे पाणी, खत आणि हाताशी पैसा आहे त्याने संकरित जरूर घ्यावं. त्याला फरक दिसेल. डोंगरउतारावरच्या दोन बिघ्यांत, पावसाच्या भरवशावर, संमिश्र वाण हा मागासलेपणा नाही. तो पक्का हिशेब आहे. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्कही शेतकऱ्याला दिलेला आहे.

आणि जनावरं. जयपूरच्या गावांत म्हैस आणि शेळी हा घरखर्चाचा आधार आहे; ‘सरस’ डेअरीला दूध जातं त्यामागे हीच गोठ्यातली जनावरं आहेत. आपण जिला सरमड म्हणतो, ती बाजरीची कडबी तिथे उन्हाळ्यात दाण्याइतकीच मोलाची ठरते. बुटका, भरघोस कणसाचा वाण कागदावर जिंकतो आणि गोठ्यात हरतो. अलवर भागातली ‘जखराना’ ही लांब कणसाची, उंच वाढणारी देशी बाजरी टिकून राहिली त्यात चाऱ्याचा वाटा मोठा आहे. फक्त हिरवा चाराच हवा असेल तर ‘आफ्रिकन टॉल’ मका आपल्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते वाणांच्या शिफारशीत दाण्याच्या शेजारी चाऱ्याचा उतारा आणि कमी पावसाच्या वर्षातला उतारा ठळक छापला पाहिजे. चाचण्यांच्या नोंदी संस्थांकडे असतात. त्या पिशवीपर्यंत पोचत नाहीत, याची मला खंत आहे.

नवा वाण घ्यायचा तर सगळ्या शेतात घेऊ नये. जयपूरकडे चार बिघे म्हणजे साधारण एक हेक्टर. बिघ्याला मक्याचं पाच किलो बी लागतं, बाजरीचं एक किलो. म्हणजे एका बिघ्यात जुन्या वाणाशेजारी नवा पेरून पाहणं फार खर्चाचं नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खतावर, आणि बांधाकडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींचं वजन करायचं. वाण कोणताही निवडला तरी मक्यात किडीवरची पाळत सुटत नाही. २०१८ मध्ये कर्नाटकातून देशात पसरलेली अमेरिकन लष्करी अळी आता सगळीकडे आहे. तिच्यापासून पूर्ण सुटलेला वाण बाजारात नाही, आणि जनुकांतरित मक्याला देशात लागवडीची परवानगी नाही. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरतं संरक्षण देतं. पुढे पोंग्यात रोज डोकावण्याला पर्याय नाही.

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळं लेबल असतं. संकरित मक्याची उगवण किमान ९० टक्के असावी असं मानक आहे, बाजरीची ७५ टक्के. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभराने मोजले की घरीच कळतं. बिल, लेबल आणि पिशवीतलं मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवावं. उगवण झाली नाही किंवा भलताच वाण निघाला तर आधी कृषी खात्याकडे लेखी तक्रार करून शेताचा पंचनामा करून घ्यावा. बियाण्याच्या नुकसानीसाठी शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाविरुद्धच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. तिथे पुरावा लागतो, आणि तो पेरणीच्या दिवशीच गोळा करावा लागतो.